हाली, कलदार आणि सराफाची नजर

सेनगांव मागें टाकून उत्तरेस थोडें गेलें कीं रिसोड-वाशीमचा वऱ्हाडी मुलूख लागतो. आज हा प्रवास एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत झाला एवढेंच. १९९९ सालीं परभणीपासून निराळा झालेला हिंगोली जिल्हा आणि वाशीम जिल्हा हे दोन्ही महाराष्ट्राचेच. परंतु १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं गेला आणि पुढें कित्येक वर्षें या शिवेच्या दोन अंगांस दोन निरनिराळे रुपये नांदले. अलीकडे निजामाचा हाली, पलीकडे इंग्रजांचा कलदार. हाली म्हणजे चालू, सध्यांचा. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. लोकांनीं इंग्रजी रुपयाला राजाचें किंवा राणीचें नांव न देतां यंत्राचें नांव दिलें, यांत त्यांची पारख दिसते. नाणें कोणाचें यापेक्षां तें कसें पाडलेलें आहे, हें त्यांनीं आधीं पाहिलें.

कलदार रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. हाली रुपया सुमारें साडेएकशें बहात्तर ग्रेनांचा आणि त्यांत चांदी हजारीं ८१८, म्हणजे सुमारें १४१ ग्रेन. सहा कलदारांत ९९० ग्रेन चांदी भरते व सात हालींत जवळजवळ तितकीच. शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा जो सरकारी भाव पुढें सर्वांच्या तोंडीं बसला, तो सहास सात याच हिशेबाचा. भाव ठरला म्हणून तंटा मिटला असें मात्र नाहीं. हिशेब पुऱ्या वजनाच्या नाण्याचा. शेतकऱ्याच्या कनवटीला असे तें वापरलेलें नाणें. वऱ्हाडच्या बाजारांत बैल किंवा कापूस विकून आणलेला कलदार मोडून निजामी सारा भरावयाचा, तर मध्यें सराफाची बैठक आलीच. तेथें नाणें उलटसुलट होई, दगडावर वाजविलें जाई, आणि तें घासलेलें ठरलें तर बट्टा बसे. कित्येक नाण्यांवर सराफांनीं मारलेले टोचे आजही दिसतात.

नाणें घासलेलें दिसतें याला कारणें दोन असूं शकतात, आणि तीं एकमेकांपासून अगदीं भिन्न आहेत. एक, नाणें हजार हातांतून फिरून झिजलें. दुसरें, नाणें ज्या ठशानें पाडलें तो ठसाच झिजलेला होता. पहिल्या प्रकारांत चांदी खरोखर कमी झालेली असते. दुसऱ्यांत ती गुंजभरही कमी नसते. अक्षरें मात्र जन्मतःच पुसट असतात. अशा नाण्यावर झिजेचा बट्टा घेणें म्हणजे टांकसाळीच्या आळसाचा दंड शेतकऱ्याकडून वसूल करणें होय.

हातानें नाणें पाडण्याची रीत अशी होती. खालचा ठसा ऐरणींत पक्का बसविलेला. त्यावर वजनांत उतरलेली चांदीची चकती. वरचा ठसा कारागिराच्या मुठींत, आणि त्यावर हातोड्याचा घाव. घाव प्रथम सोसावयाचा तो वरच्या ठशानें, म्हणून तो लौकर बोथटतो, तडकतो. खालचा अधिक दिवस टिकतो. यावरून पारखीची एक साधी खूण हातीं लागते: नाण्याची एक बाजू ठसठशीत आणि दुसरी पुसट असेल, तर दोष बहुधा ठशाचा, कारण व्यवहारांत फिरणारें नाणें दोन्ही अंगांनीं सारखेंच झिजतें. दुसरी खूण रेघेची. ठशाला तडा गेला म्हणजे त्या भेगेंत चांदी शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उठते. व्यवहारांत पडलेला ओरखडा खोल असतो. बोटाच्या नखाला हा भेद कळतो. त्यासाठीं भिंग लागत नाहीं.

ठसा चकतीहून मोठा असला म्हणजे आणखी एक घोटाळा होतो. शिवराईचेंच पाहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. परंतु सगळीं अक्षरें ज्यावर पुरतीं उतरलीं आहेत अशी शिवराई क्वचितच मिळते. ‘छ’ झिजून गेला असें म्हणणारे संग्राहक पुष्कळ भेटतात. तो झिजलेला नसतो. चकतीवर कधीं आलेलाच नसतो.

या सर्व खुणांहून अधिक भरंवशाची साक्ष म्हणजे नव्या नाण्याची झळाळी. घाव बसतांच चकतीची चांदी मध्यापासून कडेकडे सरकते आणि पृष्ठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सऱ्या उमटतात. असें नाणें दिव्याखालीं हळूच कलतें केलें, तर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणें त्यावर फिरतो. पुष्कळ वापरलेल्या ठशाच्या अंगावर याच सऱ्या खोल होत जातात, म्हणून त्या ठशाच्या नाण्याची झळाळी आरशासारखी नसून दंव पडल्यासारखी असते. पण ती असते. हाताळणीनें ती प्रथम उंचवट्यांवरून जाते: राणीच्या गालावरून, कानावरच्या केसांवरून, चारमिनार-छापाच्या नाण्यांत मनोऱ्यांवरून. खोलगट भागांत ती फार दिवस लपून राहते. तेव्हां अक्षर पुसट, पण त्या पुसट अक्षराच्या माथ्यावरही झळाळी अखंड, असें दिसलें तर तें नाणें फारसें फिरलेलेंच नाहीं. उलट अक्षर रेखीव, पण माथा करडा पडलेला, तर तें नाणें बाजार पाहून आलें आहे.

आजचे संग्राहक हाच विवेक आंकड्यांत मांडतात. १९४९ सालीं शेल्डन नांवाच्या अमेरिकन अभ्यासकानें आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं एक ते सत्तर अशी श्रेणी बसविली. आज ती सर्वत्र चालते. साठाच्या पुढचे आंकडे व्यवहारांत न फिरलेल्या नाण्यांसाठीं राखलेले. त्यामुळें बोथट ठशाचें, पण कोरें नाणें साठाच्या वर बसतें, आणि त्याहून रेखीव दिसणारें वापरलेलें नाणें खालीं राहतें. नवख्याला हा अन्याय वाटतो. तो अन्याय नव्हे. पुसट छापाबद्दल किंमत कमी येते ती येतेच. पण झीज एक आणि छाप दुसरा, हीं दोन खातीं निराळीं ठेवलेलीं बरीं.

इंग्रजी कायद्यानेंही १९०६ सालीं वजनच प्रमाण मानलें: रुपया शेंकडा दोनांहून अधिक घटला नसेल, तर तो चालविलाच पाहिजे. दोन टक्के म्हणजे साडेतीन ग्रेनांहून किंचित् अधिक. हैदराबादेंतही हातोडा फार काळ राहिला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यंत्रावर पाडलेले ‘चरखी’ रुपये आले, आणि हिजरी १३२१ पासून, म्हणजे १९०३-०४ पासून, चारमिनारचा छाप. कमानींत महबूबअल्लींचा ‘मीम’, पुढें उस्मानअल्लींचा ‘ऐन’. गोल कांठ, पुरतीं अक्षरें. त्यावर ठशाची सबब सांगण्यास फारशी जागा उरली नाहीं. १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें, आणि १९५९ सालीं हाली रुपयाचें चलनही संपलें.

नंतर या रुपयांचें जें झालें, तें सराफाच्या बट्ट्याहून वाईट. पुष्कळसे आटले. जे देव्हाऱ्यांत राहिले, ते दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेनें घासले गेले. ती चकाकी पाहून घरधनी सुखावतो. पण घासण्यानें त्या बारीक सऱ्याच नाहींशा होतात, आणि नाण्यावर प्रकाश फिरत नाहीं, नुसता सांडतो. शंभर वर्षें जपलेलें नाणें एका सकाळीं झिजलेल्यांच्या पंक्तीला जातें. काळवंडलेली चांदी तशीच राहूं दिली असती, तर तिच्याखालीं झळाळी सुरक्षित राहिली असती.

कांहीं रुपये बंजारा व शेतकरी स्त्रियांच्या गळ्यांतील माळांत गेले. तेथें वर सांगितलेली एक खूण फसते. छातीकडची बाजू वर्षानुवर्षें अंगावर घासून गुळगुळीत होते आणि वरची बाजू रेखीव राहते. एकाच बाजूची झीज पाहून पारखी ठशाला दोष देऊं लागतो. मग नाणें फिरवून त्याचा कांठ पाहावा लागतो. तेथें कोयंड्याच्या डांखाचा एक लहानसा डाग सांपडतो.