गिलोटिन

* मागणी गिलोटिनखाली गेली म्हणजे ती फेटाळली गेली असे नव्हे. उलट ती चर्चेविना मंजूर झाली. केंद्रातल्या प्रत्येक मंत्रालयाचा खर्च अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने लोकसभेपुढे येतो (राज्यघटना, अनुच्छेद ११३). राज्यसभा अर्थसंकल्पावर बोलू शकते, मागण्यांवर मत देऊ शकत नाही. मोजक्याच मंत्रालयांवर सविस्तर चर्चा होते. ठरलेल्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मतास टाकतात; हेच गिलोटिन. २०१८ साली तर एकाही मागणीवर चर्चा झाली नाही. कर्जावरचे व्याज, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन असा ‘भारित’ खर्च मतदानाला येतच नाही, आणि त्यातले व्याज काही किरकोळ नव्हे. खरी ओढाताण सभागृहात नसते. ती आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, व्यय सचिवांच्या बैठकांत उरकते. तिथे छाटलेली रक्कम खासदारांना वाढवून देता येत नाही. त्यांच्या हाती फक्त कपात सूचना, आणि तीही बहुमतापुढे बहुधा शोभेचीच. मार्चअखेरच्या सरकारी खरेदीचे कारण निराळे : न खर्चलेली तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते.