परकायाप्रवेश आणि पूर्वग्रह

दुसऱ्याच्या देहात शिरून पाहिल्याने त्याच्याविषयीचा पूर्वग्रह ओसरतो काय, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ अलीकडे आभासी वास्तवाच्या साधनाने तपासीत आहेत. डोळ्यांवर यंत्र चढविलेली व्यक्ती त्यात स्वतःस निराळ्या वर्णाच्या देहात वावरताना पाहते. २००९ मध्ये ग्रूम, बेलेन्सन व नॅस यांना कृष्णवर्णीय देह धारण करणाऱ्यांत गोऱ्यांस झुकते माप देणारा सुप्त पूर्वग्रह अधिकच आढळला. २०१३ मध्ये पेक, स्लेटर प्रभृतींना तो घटलेला दिसला. या विसंगतीचा विचार करताना आपल्याकडील एक जुना दाखला उपयोगी पडावा.

महाराष्ट्रास असा परकायाप्रवेश नवा नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘जोहार’ या भारुडांत महाराच्या मुखाने प्रथमपुरुषी निवेदन केले. ब्राह्मण कवीचा ‘मी’ येथे महाराचा ‘मी’ होतो. भारुड सादर करणारा तर त्याचे सोंगही घेतो. चोखामेळ्याचा अभंग गाणाऱ्या सवर्ण वारकऱ्याच्या मुखीही, अभंग चालू असेतोवर, चोख्याचाच ‘मी’ असतो. भाषेच्या दृष्टीने सर्वनामाचा हा पालट सामान्य नव्हे.

तथापि त्याचे फलित काय? वारीत सर्वच एकमेकांस ‘माउली’ म्हणतात. पण एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा मंडळींच्या पंक्ती निराळ्या बसत, हे इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात खेदाने नोंदविले आहे. संबोधनातील अभेद पंक्तीपर्यंत पोहोचला नव्हता. टेंभुर्णीस पुणे-सोलापूर मार्ग सोडून दक्षिणेकडे पंढरीची वाट धरावी, तर शेवटी विठ्ठलमंदिराचे महाद्वार लागते. चोखामेळ्याची समाधी या द्वाराबाहेर आहे. ज्याचे शब्द शतकानुशतके गायिले गेले, त्याच्या जातिबांधवांस ते द्वार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा ते उघडण्याचा मार्ग मोकळा झाला.

यावरून सोंग निष्फळ ठरते असे नव्हे. गुरुजींनी उपोषणापूर्वी महाराष्ट्रभर दौरा करून जे आवाहन केले, ते संतवाणीत मुरलेल्या श्रोत्यांसच होते. परंतु अनुभूती मनाची मशागत करते. द्वार उघडण्यास निराळे कर्म लागते. म्हणून आजच्या संशोधकाने यंत्र डोळ्यांवर असताना माणसास काय वाटले एवढेच मोजून थांबू नये; ते उतरविल्यावर तो कोणाच्या पंक्तीस बसतो, हेही पाहावे.