अलिबागची वेधशाळा आणि आकाशातलं चुंबक

पेण-रोह्याहून कोर्टकचेरीला अलिबागला जाणाऱ्या किती जणांना तिथली चुंबकीय वेधशाळा ठाऊक आहे? मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार आणि कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात 1904 मध्ये ती इथे उभी राहिली. तीही लोखंड टाळून! पृथ्वीचं चुंबकत्व तिथे आजही मोजतात. भरतं अर्धा गॉसही नाही.

आता मॅग्नेटार बघा. मेलेला तारा, चुंबकत्व एकावर चौदा-पंधरा शून्यं इतके गॉस. 5 मार्च 1979 ला अशाच एकाचा भडका सोव्हिएत व्हेनेरा यानांनी टिपला. पण भानगड काय ते कळेना. 1998 मध्ये अमेरिकी क्ष-किरण उपग्रहाने अशाच दुसऱ्या ताऱ्याची गिरकी मंदावताना मोजली, तेव्हा कुठे खात्री पटली.

क्ष-किरण हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. आपली ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला गेली. तिची मुख्य क्ष-किरण उपकरणं टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे पुन्हा कुलाबाच! (बातमीत मात्र नुसतं श्रीहरिकोटा.) आयुष्य धरलं होतं पाच वर्षं. लॅक्सपीसीच्या तीन शोधकांपैकी एक 2018 मध्येच वायुगळतीने बंद करावा लागला.

अलिबागच्या नोंदी शंभरावर वर्षं चालल्या, कारण वेळेत पर्यायी जागेला पैसा मिळाला. ॲस्ट्रोसॅटनंतर तेवढ्याच ताकदीची दुर्बीण कधी? खासदार पुढच्या वेळी पेणला आले की मी विचारणार आहे, तुम्हीही विचारा.