ब्रिटनची साहित्यिक रेल्वेवारी, बेताच्या खर्चात

शाळेत वर्डस्वर्थ घोकला, पुढे पुलंची ‘अपूर्वाई’ वाचली. आता मुले-नातवंडे तिकडे असल्याने मंडळातील अनेक सभासद ब्रिटनला जातात. टूर कंपनीच्या बसने सगळे उरकण्यापेक्षा चार-सहा दिवस रेल्वेने फिरावे, असे आम्ही सुचवू.

सुरुवातीला लीड्सला मुक्काम करावा. तिथून कीथली जवळच आहे. पुढे हॉवर्थ, म्हणजे ब्राँटे भगिनींचे गाव. त्यांचे राहते घर आता संग्रहालय आहे. कीथली-हॉवर्थ वाफेची गाडी हौशी मंडळी चालवतात. तिचे तिकीट वेगळे असते आणि ती रोज धावत नाही, पण बस मिळते.

लीड्स-कार्लाइल प्रवास मात्र चुकवू नये. यातील सेटल-कार्लाइल मार्गावर 1876 मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. 1980 च्या दशकात तो बंद करण्याचे घाटत होते. लोकांनी नेटाने विरोध केला आणि 1989 मध्ये तो वाचला. 24 कमानींचा रिबलहेड पूल साध्या गाडीतूनही दिसतो, महागड्या खास गाडीची गरज नाही.

कार्लाइलहून ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमियर. याच रेल्वेला 1844 मध्ये वर्डस्वर्थने कडाडून विरोध केला होता. आज तिनेच आपण त्याच्या घराकडे जातो! पुढे बसने ग्रासमियर. तिथे डव्ह कॉटेज आहे आणि चर्चच्या आवारात कवीची साधी समाधी. शेवट एडिनबरोला करावा. तिथल्या स्थानकाचे ‘वेव्हर्ली’ हे नावच वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून आले आहे.

आता पैशांचे. तारखा पक्क्या असतील तर ‘अॅडव्हान्स’ तिकीट सर्वांत स्वस्त, पण ते फक्त त्याच गाडीला चालते. आमचे एक जोडपे चहा पीत बसले, गाडी गेली आणि पूर्ण दराने नवी तिकिटे काढावी लागली. मनाला येईल तिथे उतरायचे असेल तर परदेशी पाहुण्यांसाठीचा ब्रिटरेल पास बरा. साठी ओलांडलेल्यांना सीनियर रेलकार्डावर बहुतेक भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. दोघांनी मिळून प्रवास करायचा तर ‘टू टुगेदर’ कार्डही आहे, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ते चालत नाही.

रविवारी रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस मिळू शकते, म्हणून लांबचा टप्पा त्या दिवशी ठेवू नये. ऑगस्टमध्ये महोत्सवांमुळे एडिनबरोत खोल्या फार महागतात. मे किंवा सप्टेंबर उत्तम.