न्यू ट्रायर हायस्कूल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रसिद्ध उपनगरी सार्वजनिक माध्यमिक विद्यालय. ते इलिनॉय राज्यात, शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराकाठच्या विनेटका या गावी आहे. जर्मनीतील ट्रीर परिसरातून आलेल्या वसाहतकऱ्यांमुळे या विभागास ‘न्यू ट्रायर’ हे नाव पडले. १८९९ मध्ये येथे विद्यालयासाठी स्वतंत्र शिक्षणविभाग स्थापन झाला व १९०१ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक लहान गटामागे एक सल्लागार शिक्षक, ही येथील दीर्घकालीन परंपरा होय. विद्यार्थिसंख्या वाढल्याने १९६५ मध्ये नॉर्थफील्ड येथे दुसरे विद्यालय काढण्यात आले. संख्या घटल्यावर १९८५ मध्ये ते बंद झाले. २००१ पासून त्या वास्तूत प्रथम वर्षाचे वर्ग भरू लागले. चार्लटन हेस्टन व रॉक हडसन हे अभिनेते येथील माजी विद्यार्थी.

विद्यालयाचा खर्च मुख्यत्वे स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. परिसर सधन असल्याने दरडोई खर्च शिकागोतील शाळांहून बराच अधिक राहिला. जोनाथन कोझल यांनी सॅव्हेज इनिक्वॅलिटीज (१९९१) या ग्रंथात ही तफावत मांडली. २ सप्टेंबर २००८ रोजी राज्य सिनेटर जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखाली शिकागोतील हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपल्या शाळांवर बहिष्कार टाकला व नॉर्थफील्ड येथे येऊन प्रवेशाची प्रतीकात्मक मागणी केली. प्रवेश रहिवासावर अवलंबून असल्याने ती सफल होणे शक्य नव्हते. २०१७ च्या कायद्याने राज्याच्या वाढीव अनुदानात गरजू शिक्षणविभागांना अग्रक्रम दिला; तथापि मालमत्ताकराचा आधार कायम राहिला. त्यामुळे सर्वांसाठी खुली म्हणविणारी शाळाही प्रत्यक्षात निवासस्थानाच्या किंमतीने मर्यादित होते, हा प्रश्न या विद्यालयाच्या इतिहासाशी निगडित आहे.