दहांच्या संघातील रिकामी जागा

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील सात विद्यापीठांनी १८९६ साली एक क्रीडासंघ स्थापन केला. क्रीडांगणावरील गैरप्रकारांस आळा बसावा आणि खेळाची सूत्रे प्राध्यापकांच्या हाती राहावीत, हा त्यामागील हेतु होता. पुढे सभासदांची संख्या दहा झाली आणि ‘बिग टेन’ हे नाव रूढ झाले.

संस्थापकांपैकी शिकागो विद्यापीठाने मात्र वेगळी वाट धरली. फुटबॉलच्या कोलाहलात विद्याव्यासंग मागे पडतो, असे त्याचे प्रमुख हचिन्स यांचे ठाम मत होते. १९३९ च्या अखेरीस तेथे हा खेळ बंद झाला आणि १९४६ मध्ये शिकागोने संघाचाच निरोप घेतला.

रिकाम्या जागेसाठी पिट्सबर्गचेही नाव पुढे आले. परंतु १९४९ मध्ये निवड झाली ती मिशिगन स्टेट कॉलेजची. १८५५ साली शेतकीचे शिक्षण देण्यासाठी निघालेल्या या संस्थेस त्यामुळे नामांकित विद्यापीठांच्या पंक्तीत मान मिळाला. तथापि १९५३ मध्ये खेळाडूंना पैसे पुरविणाऱ्या एका बाह्य मंडळामुळे संघाने तिला एक वर्ष देखरेखीखाली ठेवले. नवलाची गोष्ट अशी, की त्याच वर्षी तिने फुटबॉलच्या अजिंक्यपदात इलिनॉयच्या बरोबरीने वाटा मिळविला!

२०२४ मध्ये हा संघ अठरा विद्यापीठांचा झाला आणि थेट पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरला. नाव दहाचेच राहिले. पण उमेदवार तोलताना दूरचित्रवाणीचे उत्पन्न हे मोठे माप ठरले. शिकागोने संघ सोडताना उभा केलेला प्रश्न मात्र सुटलेला नाही : विद्यापीठाने खेळ विद्यार्थ्यांसाठी चालवावा, की प्रेक्षकांसाठी?