ॲटोमॅटिक गाडी झटका देते? आधी हे तपासा

दिग्रस : आपल्याकडं आता ॲटोमॅटिक गाड्या दिसू लागल्या आहेत. जुन्या बाजारातूनही घेतल्या जातात. पण "क्लच नाही, म्हणजे कटकट नाही" हा समज महागात पडतो.

2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातली ॲटोमॅटिक, म्हणजे एएमटी, सामान्य माणसापर्यंत पोचली. यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचप्लेटही असते. फक्त क्लच दाबायचं अन् गिअर टाकायचं काम मशीन करते.

झटका कमी कसा करायचा?
एएमटीत गिअर बदलताना थोडा झटका येणारच. त्या वेळी ॲक्सिलेटरवरचा पाय जरासा सैल करा, गिअर अलगद पडतो. ओव्हरटेक करताना मॅन्युअल मोड वापरा.

क्लचप्लेट जळते ती इथं
चढावर गाडी रेस देऊन धरू नका. मी जिनिंगसमोरच्या रांगेत हेच केलं, जळका वास आला अन् पुढं प्लेट बदलावी लागली. थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक. जास्त वेळ थांबायचं तर न्यूट्रल. घाट उतरताना न्यूट्रल करू नका. मॅन्युअलमध्ये खालचा गिअर ठेवा. बहुतेक एएमटीत 'पी' नसतो, म्हणून उभी करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा.

तेल कोणतं?
एएमटीत गिअर ऑइल वेगळं अन् गिअर टाकणाऱ्या यंत्राचं तेल वेगळं. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांना तर त्यांचंच खास तेल लागते. एकाचं दुसऱ्यात घातलं तर गिअरबॉक्स जातो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला. धूळ, ऊन, ओझं जास्त असेल तर बदलायची मुदत कमी होते, तेही पुस्तकात दिलेलं असते.

बॅटरी अन् स्कॅनर
एएमटीचं यंत्र विजेवर चालते. बॅटरी कमजोर झाली तर गिअर अडकतो, म्हणून आधी बॅटरी तपासा. क्लचप्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून सेटिंग करावीच लागते. ते मशीन मेकॅनिककडं आहे का, हे काम देण्याआधी विचारा.

जुनी गाडी घेताना
चढावर चालवून पाहा. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, डॅशबोर्डवर लाल-पिवळा दिवा राहतो, तर सौदा थांबवा. सर्व्हिसची बिलं मागा.

बंद पडली तर ओढण्याआधी पुस्तक पाहा. सीव्हीटी अन् टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची इंजिनवर चालणारी चाकं उचलूनच न्यावी लागतात. नुसती दोरी बांधून ओढली तर दुरुस्तीचा खर्च वाढतो.